लेबलावरचा आकडा

'ओव्हरक्लॉकिंग'ला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप आम्ही एकदा करून पाहिला होता. 'अतिगतिकरण', 'तालवर्धन' असे दोन-तीन शब्द कागदावर जमले. पण त्यांतला एकही जिभेवर टिकला नाही. विंडोज एक्स्पीच्या त्या वर्षांत, जालन्यातील आमच्या घरी, आम्ही आणि आमचे चार मित्र या प्रकाराला नुसते 'कार्ड चढवणे' म्हणत असू. हे क्रियापद काही विचारपूर्वक निवडलेले नव्हते. आज मात्र त्याची योजना पाहून नवल वाटते. मराठीत भाव चढतो, आवाज चढतो, ताप चढतो, आणि एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावरही चढवता येते. लाभ, जोखीम आणि फसगत या तिन्ही छटा त्या एका धातूत आहेत. आणि ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तिन्ही खऱ्या ठरल्या.

स्वस्त घरगुती संगणकातील कार्ड त्याला नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे कशासाठी मांडावा, असे कोणी विचारील. आमच्या मते हा मुळात वाचनाचा विषय आहे. वस्तूवर एक आकडा छापलेला असतो. तो कोणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, तो वस्तूचे वर्णन करतो की केवळ हमी देतो, आणि वाचणाऱ्याने त्यातून किती घ्यावे, हे प्रश्न संहितेच्या अभ्यासकाला परके वाटू नयेत. शिवाय या इतिहासाला कागदपत्र जवळजवळ नाही. ज्यांनी तो घडवला त्यांनी दप्तर ठेवले नाही. कंपन्यांनी जे दप्तर ठेवले त्यात हे लोक 'हमी रद्द' या दोन शब्दांपुरतेच येतात.

प्रथम 'क्लॉक' या शब्दाचा घोळ मिटवू. संगणकातील हे घड्याळ वेळ सांगत नाही, ताल धरते. स्फटिकाचा एक तुकडा ठरावीक गतीने कंप पावतो, आणि प्रत्येक ठोक्याला प्रक्रियकाचे एक पाऊल पडते. भजनातल्या टाळकऱ्याने लय वाढवली की मंडळी काही काळ साथ देतात. मग कोणाची तरी तान पुढच्या ठोक्याआधी पुरी होत नाही आणि सारेच फिसकटते. सिलिकॉनमध्येही नेमके हेच घडते. एका ठोक्याचे काम पुढच्या ठोक्याआधी संपले तर वेग कितीही असो, उत्तर बरोबर येते. संपले नाही तर चुकीचे उत्तर येते, आणि ते चुकीचे आहे हे यंत्राला बहुधा कळत नाही.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला 'पीसी' बाजारात आणला. त्याचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. आम्हांला सन लक्षात ठेवायला सोपे जाते एवढेच. १९८४ मध्ये आयबीएमने 'एटी' हे यंत्र काढले. त्याचा प्रक्रियक ६ मेगाहर्ट्झने चाले आणि त्यासाठी १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक खोबणीत बसवलेला असे. खोबणीत बसवलेली वस्तू उपटता येते, हे ग्राहकांच्या लगेच ध्यानात आले. लोकांनी १६ किंवा १८ मेगाहर्ट्झचा स्फटिक आणून बसवला, यंत्र ८ किंवा ९ मेगाहर्ट्झने चालू लागले आणि बहुतेकांचे चालतही राहिले. मग कंपनीने नंतरच्या बायोसमध्ये वेग तपासणारी एक चाचणी घातली. ठरल्यापेक्षा वेगाने चालणारे यंत्र सुरूच होऊ नये म्हणून. यंत्र तेच, त्याचा वेग सोसण्याचा गुण तोच. पण तो गुण वापरण्यास मनाई झाली. १९८६ मध्ये त्याच कंपनीने ८ मेगाहर्ट्झचे 'एटी' विकायला आणले, यावर निराळे भाष्य नको.

मराठीपुरते बोलायचे तर त्या काळात आपली चिंता वेगाची नव्हतीच; अक्षराची होती. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले 'जिस्ट'चे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये आले, आणि त्यातून 'जिस्ट कार्ड' घडले. संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही देवनागरी अक्षरे दिसू लागत. म्हणजे मराठीला ज्या पहिल्या कार्डाची खरी गरज भासली, ते खेळासाठी नव्हते, जोडाक्षरांसाठी होते. पुढे विंडोज २००० आणि एक्स्पी यांनी युनिकोड देवनागरी आपल्या पोटात घेतली, तेव्हा हे कार्ड निरुपयोगी झाले. लिपीसाठी जागा अडवून बसलेली खाच मोकळी झाली आणि तिथे खेळाचे कार्ड येऊन बसले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते खरे नव्हे, कारण ज्यांच्या घरी खेळाचे कार्ड आले त्यांनी जिस्ट कार्ड कधी पाहिलेही नव्हते. असो.

वेग चढवण्याची चाल स्वस्त यंत्रांच्या बाजारात रुजली ती १९९८ नंतर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने 'सेलेरॉन ३००ए' हा कमी किमतीचा प्रक्रियक काढला. मदरबोर्डाचा ठोका ६६ मेगाहर्ट्झ, त्याची साडेचारपट म्हणजे ३००. तोच ठोका १०० वर नेला की साडेचारपटीने ४५० होतात, आणि ४५० मेगाहर्ट्झचा पेन्टियम टू त्याच काळात कितीतरी महाग विकला जात होता. अनेकांचे सेलेरॉन या वेगाला विनातक्रार चालले. हा चमत्कार नव्हता. एकाच तबकडीवर शेकडो चिपा एकत्र घडतात. नंतर त्यांची चाचणी होते आणि जी जितका वेग सोसेल तसा तिचा वर्ग ठरतो. येथपर्यंत सारे न्याय्य आहे. पण कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिपा वरच्या वर्गात पास होऊ लागतात, आणि बाजाराला तर खालच्या वर्गाचा स्वस्त मालही हवा असतो. मग वरच्या वर्गाच्या चिपेवर खालच्या वर्गाचा शिक्का मारला जातो. म्हणजे शिक्क्यावरचा आकडा काही वेळा चिपेची परीक्षा सांगतो आणि काही वेळा नुसती बाजाराची गरज. कोणत्या वेळी काय, हे शिक्का पाहून कळत नाही. चढवून पाहिल्यावरच कळते.

आमच्या घरी संगणक आला तो अभ्यासासाठी. त्या वर्षांत सगळ्यांच्याच घरी तो अभ्यासासाठी येई. एमकेसीएलची स्थापना २००१ मध्ये झाली होती, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नोकरीला लागते हे गावोगावी ठाऊक झाले होते, आणि वडिलांच्या मनात तेवढेच होते. यंत्र औरंगाबादेहून (आज छत्रपती संभाजीनगर) जुळवून आणले. मदरबोर्डातच चित्राची सोय होती. तिच्यावर टंकलेखन उत्तम होई, खेळ मात्र रडतखडत चालत. 'हे मशीन व्हाइस सिटी ओढेल का?' असा आमचा प्रश्न असे. हा 'ओढेल का'सुद्धा पाहण्याजोगा आहे; तो ट्रॅक्टरवरून आणि पाण्याच्या मोटरीवरून आला आहे. पुढे वर्षभराने कशीबशी परवानगी मिळून एक जीफोर्स एफएक्स ५२०० जातीचे कार्ड आले.

या कार्डाची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आकड्यांचे वाचन आम्ही तिथेच शिकलो. एनव्हिडियाने ते २००३ मध्ये काढले होते. खोक्यावर '१२८ एमबी' हा आकडा मोठ्या ठळक अक्षरांत होता. जे छापलेले नव्हते ते असे, की या कार्डाच्या दोन जाती होत्या: एकीत चिप आणि स्मृती यांच्यामधला रस्ता १२८ बिट रुंद, दुसरीत ६४ बिट. स्मृतीचा ठोका २०० मेगाहर्ट्झ, प्रत्येक ठोक्याला दोन वेळा देवाणघेवाण, म्हणजे सेकंदाला ४० कोटी वेळा. एका वेळी ६४ बिट म्हणजे ८ बाइट. गुणाकार केला की सेकंदाला ३.२ गिगाबाइट. रुंद जातीत हाच आकडा ६.४. आमचे कार्ड ६४ बिटांचे निघाले, हे घरी आणल्यावर एका मोफत आज्ञावलीने दाखवले. दुकानदाराने खोटे सांगितले नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते, कारण विचारायचे असते हेच माहीत नव्हते.

चढवण्याची कृती वरकरणी फार सोपी होती. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'कूलबिट्स' नावाची नोंद करून तिची किंमत ३ ठेवली, की एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये आजवर लपलेले एक पान उघडे. त्यावर दोन पट्ट्या: एक चिपेच्या ठोक्याची, एक स्मृतीच्या. गाभा २५० वर, स्मृती ४०० वर (दुप्पट धरून). पट्टी सरकवायची, 'चाचणी घ्या' या अर्थाचे बटण दाबायचे, मग खेळ लावून पाहायचा. 'रिव्हाट्यूनर' ही आज्ञावली हेच काम अधिक बारकाईने करी. महाजाल घरी नसल्याने ही साधने मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींतून आमच्यापर्यंत आली. मासिके इंग्रजी, ड्रायव्हर इंग्रजी, बायोस इंग्रजी. 'थ्रेशोल्ड', 'स्टेबल', 'ॲट युवर ओन रिस्क' हे शब्द पाठ्यपुस्तकात भेटण्याआधी आम्हांला तिथे भेटले.

स्मृतीच्या चिपांवर बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो आणि त्याच्या शेपटाला बहुधा नॅनोसेकंदांचा आकडा. ५ नॅनोसेकंद म्हणजे २०० मेगाहर्ट्झची हमी. ४ म्हणजे २५० ची. काही कार्डांवर ४ ची चिप बसवून ती २०० नेच चालवलेली असे. तिथे चढवणे म्हणजे चिपेच्या स्वतःच्या लेबलाचे नुसते पालन. आमच्यावर ५ होते. तरीही गाभा ३०० पर्यंत आणि स्मृती २३० पर्यंत गेली. ३.२ चे ३.६८ झाले. ज्या शर्यतीत सेकंदाला २२ चित्रे दिसत होती तिथे २५-२६ दिसू लागली. हा फरक कागदावर क्षुल्लक आहे. पण २२ आणि २६ यांच्यामध्येच कुठेतरी वळणावर गाडी हाताबाहेर जाणे आणि हातात राहणे यांची सीमा होती. मात्र एवढे करूनही आम्ही रुंद जातीच्या ६.४ च्या जेमतेम ५७ टक्क्यांवर होतो, हेही नोंदवले पाहिजे. चढवून जातीतला फरक भरून निघत नाही. आमच्या एका मित्राकडे जीफोर्स ४ एमएक्स होते. नावात चार असूनही त्याचा वंश जीफोर्स २ चा, आणि त्यात पिक्सेल शेडर नव्हतेच. २००३ मध्ये आलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' त्याच्यावर सरळ सुरूच होत नसे. ते कार्ड कितीही मेगाहर्ट्झ चढवले तरी जे अंगात नाही ते येत नाही. नावातला आकडाही वाचायला शिकावे लागते.

एप्रिल-मेमध्ये जालन्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो. तापलेल्या सिलिकॉनची पावले मंदावतात. म्हणून डिसेंबरात ३०० ला निर्धास्त चालणारे कार्ड मे महिन्यात २८० लाच पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके टाकू लागे, मग आकाशात त्रिकोण उगवत, आणि मग सारे गोठे. आम्ही कॅबिनेटची बाजू काढून समोर टेबल-पंखा लावला. त्याने उष्णता गेली आणि धूळ आली. परदेशी मासिकांत पाण्याने थंड ठेवलेल्या यंत्रांची छायाचित्रे असत; द्रव नायट्रोजन ओतून ठोका भलताच चढवणारेही होते, आणि २०११ मध्ये एएमडीच्या प्रक्रियकाने ८.४२९ गिगाहर्ट्झचा जागतिक विक्रम अशाच अतिशीत द्रवांच्या बळावर केला. आमच्या गावात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागत. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालन्याचे नाव देशभर झाले. पाणी संगणकाला पाजण्याची कल्पना घरात बोलून दाखवण्याचीही सोय नव्हती.

विजेची गोष्ट याहून बिकट. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले आणि त्यापुढची काही वर्षे भारनियमनाची गेली. शहरात काही तास, खेड्यांत दहा-बारा तासांपर्यंत. वीज असे तेव्हाही दाब कमी-जास्त होई. कमी दाबाने शेतातल्या मोटरी जळतात हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक: दाब पडला की तेच काम करायला मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि गुंडाळी जळते. संगणकाचा एसएमपीएससुद्धा तसाच वागतो, हे आम्हांला उशिरा उमगले. एका मे महिन्याच्या दुपारी फट्‌कन आवाज झाला, जळका वास घरभर पसरला आणि यंत्र बंद पडले. एसएमपीएस गेला होता आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला होता. 'कुणी सांगितलं होतं चढवायला?' एवढेच वडील म्हणाले. उत्तर नव्हते. त्या उन्हाळ्यात आणि पुढे बराच काळ घरात संगणक नव्हता, आणि दोष कोणाचा याविषयी घरात दुमत नव्हते.

आज हा निवाडा आम्हांला फेरतपासणीस घ्यावासा वाटतो. स्वतःची सुटका व्हावी म्हणून नव्हे, पुरावा तसे सांगतो म्हणून. विद्युतदाब तोच ठेवून ठोका वाढवला तर चिपेचा वीजखर्च ठोक्याच्या प्रमाणात वाढतो. दाबही वाढवला असता तर तो दाबाच्या वर्गाने वाढला असता, पण आम्ही तो वाढवला नव्हता. कार्ड एजीपी खाचेतूनच सारी वीज घेणारे, वीसएक वॉटचे. त्यात गाभ्याचा ठोका वीस टक्क्यांनी वाढला म्हणजे चार वॉटची भर. टेबलावरच्या शून्याच्या दिव्यापेक्षाही कमी. एसएमपीएसच्या अंगावर मात्र '४०० वॉट' छापलेले होते, आणि त्या काळी स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारे एसएमपीएस छापील आकड्याच्या आसपासही टिकत नसत, हे पुढे सर्वांना कळून चुकले. तेव्हा एकाच पेटीत दोन लेबले होती. कार्डाचे लेबल त्याच्या कुवतीपेक्षा कमी बोलत होते, एसएमपीएसचे जास्त. आम्ही ज्या लेबलावर संशय घेतला ते खरे होते. ज्यावर संशय घ्यायला हवा होता त्याच्याकडे वळून पाहिले नाही.

लेबल कसे वाचावे याचे शिक्षण खरे तर गावात उपलब्ध होते. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको स्थापन केली. १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळाले. बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा टक्का छापलेला असतो, आणि तो 'किमान' असतो. छापलेल्यापेक्षा जास्त बी उगवले तर शेतकऱ्याने काही चोरले असे कोणी म्हणत नाही, ते त्याचेच. जालना हे सळयांचेही गाव आहे. आमचे वडील अशाच एका कारखान्यात हिशेब पाहत. सळईवरचा 'एफई ५००' हा शिक्का सांगतो की ५०० मेगापास्कल ताणापर्यंत ती कायमची वाकणार नाही. हाही किमान आकडा. प्रत्यक्ष चाचणीत सळई बहुधा त्याहून वर भरते. परंतु इमारतीचा आराखडा करणारा ते वरचे भरलेले धरत नाही. उलट भारतीय मानकाप्रमाणे तो ५०० ला १.१५ ने भागतो आणि मगच हिशेब मांडतो, कारण त्या सळईखाली दुसरे कोणी झोपणार असते.

बियाण्याचा न्याय लावला तर चढवणारा निर्दोष आहे. सळईचा लावला तर बेजबाबदार. आम्हांला वाटते, प्रश्न कार्डाखाली कोण झोपले आहे याचा आहे. आमच्या बाबतीत तिथे वडिलांचे तीन महिन्यांचे हप्ते झोपले होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून पुराव्याने आम्ही सुटलो तरी निवाडा सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणवत नाही. या साऱ्या उद्योगाला 'जुगाड' हा आता रूढ झालेला कौतुकाचा शब्द लावणे मात्र आम्हांला मान्य नाही. जुगाडात मोडक्या वस्तूचे काम दुसऱ्या वस्तूने भागवले जाते. इथे वस्तू धडधाकट होती. तिच्यात शिल्लक असलेले बळ कोणाचे, विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे, एवढाच वाद होता.

तो वाद पुढे न्यायालयाबाहेरच मिटला, असे म्हणता येईल. इंटेलने २००८ च्या कोअर आय७ मध्ये 'टर्बो बूस्ट' आणले. एनव्हिडियाने मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर 'जीपीयू बूस्ट' आणले. तेव्हापासून कार्ड स्वतःच आपला ताप आणि वीज मोजून घडीघडीला ठोका चढवते आणि उतरवते. डिसेंबर आणि मे यांच्यातला जो फरक आम्ही वहीत लिहून ठेवत होतो, तो आता कारखान्यातूनच आत लिहून येतो. चढवायला शिल्लक फार थोडे उरते, आणि जे उरते तेही विकणाऱ्याने मोजून, काही वेळा निराळी किंमत लावून ठेवलेले असते.

कार्ड अजून आमच्याकडे आहे. एसएमपीएस गेला, मदरबोर्ड गेला, पण ते वाचले होते. नव्या मदरबोर्डांवर एजीपीची खाचच नसल्याने ते परत कुठे बसले नाही. त्या वेळची वहीही सापडली. पानाच्या डाव्या बाजूला तारीख, मग खोलीचे तापमान, मग दोन ठोके, आणि शेवटच्या रकान्यात वडिलांच्या ताळेबंदाची नक्कल करून घातलेला मथळा: 'शिल्लक'. त्या मे महिन्यातल्या शेवटच्या नोंदीपुढे तो रकाना कोरा आहे.